साल नंतर विचारा, बाटली कुठे होती ते आधी विचारा

पत्रिकेत विषय छापला आहे ‘१९८२ सालचे बोर्दो : प्यावे की राखावे’. बोर्दो म्हणजे फ्रान्समधल्या त्या नावाच्या प्रदेशातली वाइन. त्या विषयाकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी मला माझ्या काकांच्या शोकेसविषयी बोलणे भाग आहे, कारण जुन्या वाइनसंबंधी माझे जे काही मत आहे ते तिथेच तयार झाले.

काकांनी १९८६ साली पॅरिसहून १९८२ ची एक नामांकित बाटली आणली. पुण्यातल्या दिवाणखान्यात, ट्यूबलाइटखाली, निवृत्त सहकाऱ्याने दिलेले घड्याळ आणि काश्मिरी शिकारा यांच्यामध्ये ती २६ वर्षे उभी होती. उभी, हे कृपया लक्षात घ्यावे. आडव्या बाटलीचे बूच ओले राहते, उभ्या बाटलीचे सुकून आकसते आणि हवेला वाट मिळते. त्यात पुण्याचे उन्हाळे. वाइनला १२-१३ अंशांचे स्थिर तापमान मानवते; काकांच्या घरात गारवा म्हणाल तर तो फ्रिजमध्ये होता, आणि फ्रिजमध्ये काकूंचा आमरस होता.

२०१२ साली काका-काकूंच्या लग्नाच्या वाढदिवसाला बाटली बाहेर निघाली. मी ती दिव्यासमोर धरली, तर वाइनची पातळी बाटलीच्या खांद्याच्या, म्हणजे मान जिथे रुंदावते त्या उताराच्या, मध्यापर्यंत उतरलेली. तसे म्हणताच काका गरजले, “अरे, ब्याऐंशीची आहे ती!” बुचाचा भुगा झाला. पेल्यात उतरला तो चहाचा चोथा धुतलेल्या पाण्याचा रंग, आणि खवट अक्रोडात व्हिनेगर मिसळावे तसा वास. चौदा जणांनी माना डोलावल्या. एका गृहस्थांना तर चवीत ‘विलक्षण खोली’ आढळली. ते आज सभागृहात नाहीत, याची खात्री मी आत येतानाच करून घेतली आहे. मान मीही डोलावली, आणि ती आजतागायत मला सलते आहे.

सालाचा दोष नव्हता. १९८२ चा सप्टेंबर तापला, पीक भरघोस आले, द्राक्षे पूर्ण पिकली आणि टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणाऱ्या घटकाचा, तुरटपणा मऊ उतरला. इतकी गुबगुबीत वाइन टिकणार नाही, असे काही अमेरिकन समीक्षकांना वाटले. त्यांच्यातल्याच रॉबर्ट पार्कर या समीक्षकाने उलट भाकीत केले आणि त्यावर त्याचे नाव झाले. याउलट १९७५ चे सुरुवातीला मोठे कौतुक झाले, पण अनेक बाटल्यांत तुरटपणा निवळण्याआधीच फळाचा रस आटला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे : पाच मिनिटे. तेव्हा आता भराभर.

चाळिशी ओलांडलेल्या बोर्दोत पातळी मानेच्या तळाशी किंवा खांद्याच्या वरच्या टोकाला असेल, तर काळजी नको. मध्यावर असेल तर शंका घ्यावी. त्याखाली असेल तर पैसे खिशातच ठेवावेत. पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरावा : कडेला विटकरी छटा हे वयाचे लक्षण आहे, मध्यभागही तपकिरी झाला असेल तर खेळ संपला. देवदार, तंबाखू, चामडे असे वास यावेत, पण त्यांच्यामागे फळ जिवंत असले पाहिजे. बाटली एक दिवस आधी उभी करावी, म्हणजे साका तळाशी बसतो. ओतताना मानेमागे मेणबत्ती धरावी आणि साका मानेत दिसताच थांबावे. तासन्‌तास हवा देऊ नये. म्हातारी वाइन तेवढ्यात दम तोडते.

साध्या मळ्यांची १९८२ घरी असेल तर आजच उघडावी. राखायची ती पहिल्या श्रेणीतली, थंड तळघरातून थेट आलेली आणि शक्य तर मॅग्नम, म्हणजे दुप्पट मापाची बाटली, कारण मोठ्या बाटलीत वाइन सावकाश पिकते. संग्रहासाठी घेताना खरेदीची कागदपत्रे मागावीत. २००८ साली न्यूयॉर्कच्या एका लिलावात रुडी कुर्नियावान याने फ्रान्समधल्याच बर्गंडी प्रदेशातल्या पोन्सो या वाइन करणाऱ्या घराण्याच्या क्लो सँ-देनी या वाइनच्या १९४५ ते १९७१ या सालांच्या बाटल्या मांडल्या. लोराँ पोन्सो स्वतः तिथे पोहोचले आणि त्या मागे घेतल्या गेल्या, कारण त्यांच्या घराण्याने ती वाइन १९८२ च्या आधी कधी केलीच नव्हती. इथेही ब्याऐंशीच! बनावट वाइन विकल्याबद्दल कुर्नियावानला २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

प्रश्नोत्तरे होणार नाहीत, असे चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिले आहे.