दाढीचा ब्रश घेताना ‘मऊ आहे का’ हे विचारू नका

नमस्कार मंडळी! सेफ्टी रेझरचा व्हिडिओ टाकला, पण त्याखाली रेझरपेक्षा ब्रशचीच विचारणा जास्त. ‘दादा, पाचशेच्या आत चांगला ब्रश सांगा.’ ‘दादा, ऑनलाइन घेऊ की मेन रोडला जाऊन घेऊ?’ म्हणून आज फक्त ब्रश.

प्रकार पटकन सांगतो, कारण बहुतेकांना माहीत आहेत. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचा, डुकराच्या केसांचा, घोड्याच्या केसांचा आणि सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम धाग्यांचा. बॅजर महाग, तो आपल्या बजेटमध्ये बसत नाही. पाचशेला ‘ओरिजिनल बॅजर’ म्हणून कुणी देत असेल तर तिथून निघा. घोड्याच्या केसांचे आपल्या बाजारात सहसा दिसत नाहीत. राहिले दोन, डुकराच्या केसांचा आणि सिंथेटिक. माझं मत सांगू? पहिलाच ब्रश असेल तर सिंथेटिक घ्या. भिजत ठेवावा लागत नाही, लवकर वाळतो, साबण कमी लागतो. साधारण 300 ते 500 रुपयांत चांगला येतो.

आता मुद्द्यावर. आपल्याकडे ब्रश घेताना सगळे एकच करतात. दुकानदार पाकीट फोडतो, कोरडा ब्रश गिऱ्हाइकाच्या गालावर फिरवतो आणि म्हणतो, ‘बघा, किती मऊ!’ मागच्या महिन्यात भाच्याला घेऊन आपल्या नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या एका कटलरीच्या दुकानात गेलो होतो, तिथेही हेच. भाचा लगेच खूश. मी त्याला म्हटलं, थांब, पैसे काढू नकोस. तळहातावर दाब आधी.

(ब्रश कॅमेऱ्याजवळ) हा तोच ब्रश, मुद्दाम तुमच्यासाठी घेऊन आलो. नीट बघा. तळहातावर टोकं टेकवली, हलकंच दाबलं. केस लगेच आडवे पडले आणि हात उचलला तरी अर्धे आडवेच. आता मधून केस फाकवतो. दिसतंय? मधोमध पोकळी आहे, खाली पिवळट डिंक दिसतोय. बाहेरून भरलेला, आत रिकामा. हा दुसरा, सिंथेटिक. तितकाच दाबला. केस पसरले आणि सोडल्यावर सरळ उभे राहिले. फाकवून बघितलं तर तळ दिसत नाही. फरक इथे आहे, गालावर नाही.

ऐका, मऊपणा टोकाला हवा, ताठपणा बुडाला. टोकं मऊ नसतील तर गाल सोलवटतो, हे खरं. पण बुडाशी ताठपणाच नसेल तर ब्रश वडीच्या साबणावर नुसता घसरतो, साबण उचलतच नाही. मग तुम्ही म्हणता साबण खराब आहे. साबण बदलता, क्रीम बदलता, दुप्पट क्रीम पिळता. ब्रश मात्र तोच.

दाढीच्या अंगानेही बघा. ब्रशचं काम फक्त फेस लावणं नाही, आडवे बसलेले केस उचलून त्यांच्या मुळाशी पाणी पोचवणं हेसुद्धा आहे. लोळागोळा झालेला ब्रश केसांवरून फिरतो, केसांच्या आत शिरत नाही. हनुवटीखाली पातं ओढलं की चरचरतं ना, त्यात ब्रशचाही वाटा असू शकतो. आपल्याकडे डिसेंबरात निफाडचा गारठा शहरापर्यंत जाणवतो, गार पाण्याने केस आणखी कडक राहतात. तेव्हा तर हे फार कळतं.

ऑनलाइन घेणाऱ्यांना दाबून बघता येत नाही. त्यांनी दोन मापं बघावीत, गुच्छाची बुडाशी जाडी आणि केसांची उंची. जाडी 22 ते 24 मिलिमीटर आणि उंची जाडीच्या दुपटीहून थोडी जास्त, म्हणजे 50-55, तर ठीक. जाडी 18 आणि उंची 60 असेल तर तो आडवा पडणारच, रिव्ह्यूत कितीही जणांनी ‘व्हेरी सॉफ्ट’ लिहिलेलं असो. मापंच दिली नसतील तर विक्रेत्याला विचारा, आणि उत्तर आलं नाही तर सोडून द्या.

एका ताईंनी विचारलंय की घरात डुकराचे केस चालत नाहीत, कसं ओळखायचं? फार रास्त प्रश्न आहे. स्वस्त पाकिटांवर नुसतं ‘ब्रिसल’ लिहून मोकळे होतात, याचा मला मनापासून राग आहे. ज्याला चालतं त्याने घ्यावं, पण कशाचे केस आहेत हे तर छापा! घरी आणलेल्या ब्रशचा एक गळलेला केस चिमट्यात धरून काडी लावा. जनावराचा असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. सिंथेटिक असेल तर वितळून टोकाला कडक मणी होतो.

त्यावरूनच दुसरी कमेंट, ‘जनावराच्या केसांनी रोग होतो ना?’ पूर्वी झालेला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या केसांच्या ब्रशांमधून इंग्लंड-अमेरिकेत अँथ्रॅक्स पसरला, माणसं दगावली. 1920 मध्ये ब्रिटनने जपानी दाढीच्या ब्रशांची आयातच बंद केली. आज नामांकित कंपन्या केसांवर प्रक्रिया करतात. फुटपाथवरच्या बिननावाच्या ब्रशाबद्दल मी ती खात्री देणार नाही.

डुकराच्या केसांचा घेतलात तर त्याला वेळ द्या. पहिल्यांदा वास येतो, शाम्पूने धुवा. दाढीआधी काही मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. उकळतं पाणी नको, गुच्छाचा डिंक सुटतो. वापरता वापरता टोकं फाटून मऊ होतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात ‘टोचतो’ म्हणून फेकू नका. सुरुवातीला चार-दोन केस गळणं साहजिक आहे. पंधरा दिवसांनंतरही रोज गळत असतील तर बदलून मागा.

वापरून झालं की धुवा, पिळा, झटका आणि उघड्या हवेत ठेवा. उलटा टांगा नाहीतर उभा ठेवा, त्यावरून वाद नको. फक्त ओला ब्रश कपाटात किंवा डबीत बंद करू नका.

आणि ज्यांच्या सोसायटीत बोअरचं जड पाणी येतं, त्यांच्या ब्रशाच्या बुडाशी पांढरा थर बसतो. महिन्यातून एकदा कपभर पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून पाच मिनिटं बुडवा आणि स्वच्छ धुवा. थर गेल्यावरही फेस होत नसेल तर दाढीपुरतं पिण्याचं फिल्टरचं पाणी घेऊन बघा, आणि काय फरक पडला ते खाली लिहा. तुमच्याकडे नळाचं की बोअरचं, तेही लिहा.