गोदुताई कोण होत्या?

(निवेदन)

ड्रोनमधनं ही जी घरांची रांगच्या रांग दिसतीय ना, ती सोलापूरहून अक्कलकोट रोडला लागलं की कुंभारीजवळ. 10 हजार घरं आहेत, सगळी विडी कामगार बायकांची. 2006 ला पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते चाव्या मिळाल्या. केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार बाई, तिघांनी मिळून पैसा घातला. बरीच वर्षं मोर्चे निघाले तेव्हा कुठं हे झालं, लाल बावट्याच्या म्हणजे कम्युनिस्ट युनियनचे, तिचे पुढारी आडम मास्तर यांच्या मागं गेलेल्या बायकांचे. वसाहतीला नाव दिलं कॉम्रेड गोदावरी परुळेकरांचं, म्हणजेच गोदुताईंचं. गोदुताई सोलापूरच्या नाहीत, पण इथल्या बायकांशी त्यांचं नातं काय ते बघायला जरा मागं जावं लागतंय.

14 ऑगस्ट 1907, पुणे. माहेरचं आडनाव गोखले, वडील नावाजलेले वकील. पोरगी फर्ग्युसनला शिकली, मग वकिलीची डिग्री घेतली, महाराष्ट्रातली पहिली महिला कायदा पदवीधर म्हणून त्यांचंच नाव घेतात. म्हणजे वडिलांच्या ऑफिसात खुर्ची तयारच होती म्हणा की. पण 1932 ला सत्याग्रहात जेलमध्ये गेल्या, वडिलांना ते पटलं नाही आणि घर सुटलं. मग मुंबई. भारत सेवक समाज ही समाजसेवेची संस्था, तिथं आजीव सदस्य झालेली पहिली बाई त्याच. आधी साक्षरतेचं काम केलं, मग घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधली, आणि 1939 ला शामराव परुळेकरांशी लग्न केलं ते स्वतःच्या मर्जीनं, दोघंही एकाच कामातले. त्या काळी एकट्या बाईनं घर सोडून असं काही करायचं म्हणजे काय असतं, हे आपल्या आज्यांना विचारा.

आता हा शॉट नीट बघा. ही अक्का सकाळपासनं बसलीय, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. तेंदूचा पाला रात्रीच भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेला, म्हणजे पान मऊ राहतं, नाहीतर वळताना फाटतं. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कात्रीनं त्या मापात कापायचं, पानाची शीर कुठल्या बाजूला येतीय तेही बघायचं. मग चिमटीत तंबाखू, बोटांनी सारखी पसरायची, पान गुंडाळायचं, दोरा दोन वेढे, तोंड नखानं आत दुमडायचं. बोलता बोलता चाललंय, नजर हातावर नाही, सुनेला तेलुगूत काहीतरी सांगतीय आणि आमच्याशी मराठीत. पंचवीस पंचवीसचे कट्टे बांधून विडी कंपनीच्या ब्रँचला द्यायचे, तिथं तपासणी, बारीक निघाली, सैल निघाली की छाट, छाटीतल्या विडीचे पैसे नाहीत पण पाला आणि मेहनत तर गेलीच. मजुरी हजार विड्यांवर. खोकला आणि पाठ याबद्दल अक्का फार बोलल्या नाहीत.

हजारावर मजुरी. हेच गणित घेऊन गोदुताई ठाणे जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर गेल्या होत्या, फक्त तिथं विडी नव्हती, गवत होतं. जमीनदाराकडं वेठबिगारी, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी लग्नगडी होऊन अख्खं आयुष्य मालकाच्या दारात. गोदुताई पायी पायी पाड्यापाड्यावर फिरल्या, त्यांच्यातच राहिल्या, त्यांच्यातच जेवल्या. 23 मे 1945 ला झरी गावात परिषद झाली, हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. मग मागणी काय, तर 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये. बघा, किती साधी मागणी! ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोदुताईंची सभा आहे अशी खोटी बातमी पसरवून माणसं गोळा केली गेली, गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि आणखी चौघं गेले. पण वेठ परत आली नाही.

पुढं भूमिगत राहणं, जेल, परत जेल. 1965 ला शामराव गेले, त्यानंतर तीस वर्षं एकट्यानं काम चालू ठेवलं. वारल्यांच्या लढ्यावर स्वतः पुस्तक लिहिलं, त्याला 1972 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. 1986 ला, म्हणजे ऐंशीला टेकलेल्या असताना, अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या, त्या खुर्चीवर बसलेल्या पहिल्या महिला. 8 ऑक्टोबर 1996 ला गेल्या. कुंभारीची ही घरं त्यांनी बघितली नाहीत.

हा फोटो इथल्या ऑफिसातला, हार ताजा आहे. शेजारीच फॉर्म भरायला आलेल्या बायका, कुणाचं आधार, कुणाचं पीएफचं पासबुक. जानेवारी 2024 ला इथनं जवळच रे नगरमध्ये 15 हजार घरांच्या चाव्या मिळाल्या, 30 हजार घरांची ती योजना आहे, तिथंही विडीवाल्या, यंत्रमागवाले, कचरा वेचणारे. घराचं काम झालं पण म्हातारपणाचं राहिलंय. पीएफची किमान पेन्शन 2014 पासून महिन्याला हजार रुपये, त्यात सोलापुरात बाईनं औषध घ्यायचं की गॅस भरायचा? ती वाढवून द्या म्हणून बायका अजून कलेक्टर ऑफिसवर जातात, पुढच्या मोर्च्याची वर्गणी या टेबलावरच गोळा होतीय.