महाळुंग : ‘हृद्य’ म्हटले गेलेले फळ

कोल्हापूरची अंबाबाई चतुर्भुज आहे. वरच्या दोन हातांत गदा आणि ढाल, खालच्या डाव्या हातात पानपात्र, आणि खालच्या उजव्या हातात एक फळ. साड्या आणि अलंकारांच्या आड ते दर्शनाच्या रांगेतून सहसा नजरेस पडत नाही. ते फळ म्हणजे महाळुंग, संस्कृत ग्रंथांतले मातुलुंग.

बाजारात आता ते क्वचितच दिसते. मिळाले तर चिरून पाहावे. साल पिवळी, खडबडीत आणि सुगंधी. तिच्या आत बोटभर जाडीचा पांढरा मगज, आणि एवढ्या मोठ्या फळाच्या मधोमध रसाचा भाग मात्र इवलासा. चिरणाऱ्याच्या बोटांना वास बराच वेळ राहतो. आपल्या रोजच्या कागदी लिंबाचे हे एक जनक फळ आहे, हे अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे.

सुश्रुतसंहितेने या फळाचे गुण सांगताना त्याचे भाग वेगवेगळे केले आहेत. साल कडू आणि पचायला जड, पांढरा मांसल भाग गोड, शीत आणि जड, तर केसर, म्हणजे आतला आंबट गर, हलका आणि भूक वाढवणारा. एकाच फळाकडे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या या परंपरेने त्याचा हृदयाशी संबंध जोडला, तो कोणत्या अर्थाने, हे समजून घेण्यासारखे आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौथ्या अध्यायात औषधी द्रव्यांचे ५० गण दिले आहेत, प्रत्येकात १० द्रव्ये. त्यांपैकी एक गण ‘हृद्य’ द्रव्यांचा. त्यात आंबा, अंबाडा, लकुच, करवंद, वृक्षाम्ल म्हणजे आपले कोकम, अम्लवेतस, दोन प्रकारची बोरे, डाळिंब आणि महाळुंग येतात. यादी वाचतानाच तोंडाला पाणी सुटावे, कारण यातली बहुतेक सगळी द्रव्ये आंबट आहेत. ‘हृद्य’ म्हणजे हृदयाला हितकर, आणि तितकेच, मनाला रुचणारे. आपण आजही ‘हृद्य सत्कार’ म्हणतो तेव्हा रक्तवाहिन्यांचा विचार आपल्या मनात नसतो. हृदय हे मनाचे आणि चेतनेचे स्थान मानणाऱ्या त्या वैद्यांच्या लेखी, तोंडाची चव गेलेल्या, मळमळणाऱ्या रुग्णाला पुन्हा अन्नाची इच्छा करून देणारे फळ हृद्य ठरणे अगदी स्वाभाविक होते. त्यावरून महाळुंगाने किंवा लिंबाच्या काढ्याने ‘ब्लॉकेज’ निघतात असा अर्थ काढणे, जो मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत सर्रास काढला जातो, हा त्या ग्रंथांवरही अन्यायच आहे.

लिंबूवर्गीय फळांत क जीवनसत्त्व, पोटॅशियम, पेक्टिन आणि हेस्पेरिडिनसारखी द्रव्ये असतात, म्हणून रोजच्या आहारात त्यांना स्थान असणे चांगलेच. हेस्पेरिडिनचा रक्तदाबावर परिणाम तपासणारे अभ्यासही झाले आहेत, पण त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. शिवाय आपल्या घरांत लिंबू बरेचदा पानात येते ते लोणच्याच्या रूपाने. बरणीतल्या त्या फोडी मुरतात मिठात, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा आहे. रक्तदाब असलेल्या माणसाने लिंबू जरूर खावे, पण वरणभातावर पिळून.

याच कुळातले ग्रेपफ्रूट हे फळ मात्र हृदयरुग्णांच्या बाबतीत वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. कॅनडातील संशोधक मद्य आणि फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाचा एकत्रित परिणाम तपासत होते. मद्याची चव झाकण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तातील औषधाचे प्रमाण अनपेक्षितपणे वाढलेले आढळले. ही नोंद १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. कारण पुढे उलगडले : या रसातील फ्युरानोकूमरिन ही द्रव्ये आतड्यात औषधाचे विघटन करणारे एक विकर (एन्झाइम) निकामी करतात. कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या सिमव्हास्टॅटिन आणि अ‍ॅटॉर्व्हास्टॅटिन या गोळ्यांनाही हे लागू पडते. ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसे खाल्ले जात नाही, परंतु कोकणात आणि गोव्यात चतुर्थीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर बांधलेल्या चौकटीला, टांगले जाणारे पपनस हे त्याचेच जनक फळ, आणि त्यातही ही द्रव्ये असतात. गोळी सकाळी आणि पपनस संध्याकाळी, अशी वेळ बदलून हा प्रश्न सुटत नाही, कारण निकामी झालेले विकर शरीराला नव्याने तयार करावे लागते आणि त्याला एक दिवसाहून अधिक काळ लागू शकतो.