वाफेतून वाढणारं आवरण

नमस्कार श्रोतेहो. खिडकीच्या लोखंडी पट्टीला ऑइलपेंट देताना तुमच्या लक्षात आलं असेल, सपाट भागावर रंग बसतो, पण धारेवरून ओसरतो आणि कोपऱ्यात साचतो. पुढे गंज धरतो तो त्या धारेवर. रंगारी कितीही कसबी असो, द्रवाचा पृष्ठताण कुणाचं ऐकत नाही. मग पेसमेकरसारख्या, शरीरात बसवायच्या उपकरणाला सुईच्या टोकाएवढीही उघडी जागा चालत नसेल, तर काय करायचं? द्रवच टाळायचा.

पॅरिलीन नावाचं प्लास्टिक असं चढवतात. सुरुवातीला असते एक पांढरी भुकटी. तिचा प्रत्येक रेणू म्हणजे दोन सारख्या भागांची जोडी. हवा काढून घेतलेल्या यंत्रात सुमारे १५० अंश सेल्सिअसला तिची वाफ होते. ही वाफ पुढे सुमारे ६८० अंशांच्या भट्टीत जाते आणि तिथे जोड्या फुटून सुटे मोनोमर, म्हणजे साखळीचे एकेक दुवे, तयार होतात. शेवटच्या कक्षात मात्र नेहमीचं, खोलीतलं तापमान! मोनोमर वस्तूवर टेकतात आणि एकमेकांना धरून तिथल्या तिथे त्यांच्या साखळ्या वाढतात. मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं. एवढ्या भट्टीतून आलेला पदार्थ, पण वस्तूला धग लागत नाही. थिनर नाही, वाळवणं नाही.

काम संथ असतं, तासाला काही मायक्रोमीटर. पण सर्किट बोर्डावरच्या चिपच्या पोटाखाली जी फट असते, जिथे ब्रश सोडाच, फवाराही पोचत नाही, तिथेही थर चढतो. म्हणून कनेक्टरची टोकं आधी नीट झाकावी लागतात, नाहीतर त्यांच्यावरही आवरण बसून वीजजोड तुटतो.

१९४७ साली मँचेस्टरमध्ये मायकेल श्वार्त्स यांना पॅराझायलीन नावाचं रसायन तापवताना हा पापुद्रा सापडला. भुकटीपासून निघणारी स्वच्छ पद्धत युनियन कार्बाइडच्या विल्यम गोऱ्हम यांनी बसवली, आणि १९६०च्या दशकात पॅरिलीन बाजारात आलं.

अर्थात, गुळगुळीत धातूवर ते आपणहून घट्ट धरत नाही, आधी सिलेन या पकड देणाऱ्या रसायनाचा हात द्यावा लागतो. कडक उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळं पडतं. आणि एकदा बसलं की नेहमीच्या द्रावकांना दाद देत नाही. बोर्ड दुरुस्त करायचा तर खरवडून किंवा प्लाझ्माने, म्हणजे विद्युतभारित वायूने, काढावं लागतं, आणि ते मोठं चिकाटीचं काम आहे.