गाडी हल्ली इंजिनाने मरत नाही

मंडळी, मी गॅरेजवाला माणूस, इथे उभं राहिल्यावर हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही, एरवी हातात पाना असतो. तुम्ही विषय दिलात आताच्या गाड्यांचा, त्या हल्ली इंजिनाने नाही, आतल्या इलेक्ट्रॉनिक डब्यांनी मरतात, मी आपल्या चिपळूणचंच सांगतो.

२००५ च्या पुरात माझ्याकडे जीपा आणि मारुती ८०० बुडालेल्या आल्या. प्लग काढले, इंजिन फिरवून आतलं पाणी उडवलं, ऑइल दोनदा बदललं, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर खोलून पेट्रोलने धुतला, डेल्को, म्हणजे प्लगना करंट वाटणारा भाग, सुकवला की गाडी चालू. सीटचा वास महिनाभर जायचा नाही ती गोष्ट वेगळी.

मग २२ जुलै २०२१ चा पूर. वाशिष्ठी नदी तीच, गाड्या वेगळ्या. एका काकांची चार वर्षांची गाडी, पाणी सीटपर्यंतच चढलेलं, आणि त्यांनी शहाणपणा करून स्टार्टर मारला नव्हता म्हणून इंजिन एकदम ठणठणीत. मी कार्पेट उचललं तर खाली बोटभर गाळ, आणि गियर लिव्हरच्या पुढे अगदी तळाला एअरबॅगचा कंट्रोलर असतो, तो चिखलात. कनेक्टर ओढून काढला, पिना हिरव्या पडलेल्या. असे सात-आठ कनेक्टर. सर्व्हेअरने बेरीज केली, दुरुस्ती आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेली की इन्शुरन्सवाले टोटल लॉस, म्हणजे गाडी गेलीच, असं धरतात, तसंच झालं. काका मला विचारतायत, अरे पण इंजिन चांगलंय ना? आता काय सांगू!

आता असा एखादा डबा, म्हणजे मॉड्यूल, खराब झाला तर भंगारातला दुसरा लावू म्हणाल, तर तेही सरळ नाही. कार्ब्युरेटर जुन्या बाजारातून आणला की बसायचा. आताचा इसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, आणला तर तो चावीला ओळखत नाही, इमोबिलायझर गाडी चालू होऊ देत नाही, कोडिंग करावं लागतं, ते सगळ्यांकडे नसतं. म्हणून आठ-दहा वर्षांची गाडी घेताना लोक इंजिनचा आवाज ऐकतात ना, त्यापेक्षा मी म्हणतो त्या मॉडेलचे मॉड्यूल अजून मिळतात का ते आधी विचारा.

पण याचा अर्थ दिवा लागला की गाडी विका असाही नाही हां. एक ताई आल्या, डॅशबोर्डवर गणपतीच्या आराशीसारखे दिवे, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टिम), स्टिअरिंग, चेक इंजिन, सगळं. बाहेर कोणीतरी एबीएसचं मॉड्यूल गेलंय सांगितलेलं, खर्च ऐकून त्या एक्स्चेंजला निघालेल्या. मी आधी मल्टिमीटर लावला, स्टार्टर मारला की व्होल्टेज आठवर येत होतं, चांगली बॅटरी साडेनऊच्या खाली जात नाही. त्यात बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजून पांढरी-हिरवी. या गाड्यांत सगळे डबे दोन पिळलेल्या वायरींवरून एकमेकांशी बोलतात, व्होल्टेज पडलं की एकाचा आवाज बंद होतो आणि बाकीचे सगळे बोंबलतात. पट्टी बदलली, बॅटरी बदलली, स्कॅनरने बिघाडाचे कोड पुसले, ती गाडी अजून इथे फिरतेय. त्यामुळे पार्ट बदला म्हणणाऱ्याला आधी विचारायचं, बॅटरी बघितलीस का? आणि स्कॅनरवर आलेला कोड कागदावर लिहून घ्यायचा, लाजायचं नाही.

हॉर्न, कॅमेरा, फॉग लॅम्प बाहेरून बसवताना वायर सोलून जोड मारू देऊ नका, पावसाळ्यात तो जोड माझ्याकडेच येतो. वायरी कुरतडणाऱ्या उंदरांवर मी बोलत नाही, कोकणात त्यावर वेगळं व्याख्यान लागेल.

जुनं तेच चांगलं असंही मी म्हणणार नाही. परशुराम घाटात ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की पायाखाली थरथर लागते तो एबीएस, माझी जुनी जीप तिथे सरळ घसरत गेली होती, मी आत होतो. आणि एप्रिल २०२० पासूनचं बीएस-६, म्हणजे धुराचे नियम, सेन्सरशिवाय जमणारच नाही.

काय म्हणालात, मागून? दिवा लागलाय, गाडी विकू का? किती वर्षांची गाडी... अकरा. पिवळा की लाल? पिवळा ना, मग उद्या सकाळी घेऊन या, आणि येताना रात्रभर उभी असलेलीच आणा, गरम करून नको.