समोरचा वार देतो म्हणून आपण शिकतो

(बे एरियातल्या मराठी मंडळींसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं नीट करून)

नमस्कार. आज फिलिपिनो काठीच्या कलेबद्दल बोलायचंय. अर्निस, एस्क्रिमा, काली अशी तीन नावं तुम्ही ऐकली असतील, कोण कुठल्या घराण्यात शिकला त्यावर नाव बदलतं, पण काठी, सुरी आणि रिकामा हात ही एकाच मुळाची कामं आहेत आणि मी आज ही नावं आलटून पालटून वापरणार आहे, त्यात अडकू नका. मला मुख्य सांगायचंय ते वेगळंच. ही कला एकट्याने शिकता येत नाही. म्हणजे घरी आरशासमोर काठी फिरवता येते, मनगट मोकळं होतं, खांदा तयार होतो, ते सगळं करावंच, पण खरं शिक्षण सुरू होतं ते समोर दुसरा माणूस काठी घेऊन उभा राहिला की, आणि तो माणूस तुम्हाला वार कसा देतो यावर तुमचं सगळं शिकणं अवलंबून असतं.

वार "देणं" असंच आम्ही क्लासमध्ये म्हणतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की जो अडवतोय, काठी हिसकावतोय तो भारी, आणि समोरचा आपला नुसता मार खायला उभा आहे. प्रत्यक्षात उलटं असतं. देणारा जर मुद्दाम बाजूला मारत असेल, लागू नये म्हणून वीतभर अलीकडे थांबत असेल, तर घेणारा हवा अडवायला शिकतो आणि त्याला वाटतं की आपल्याला येतंय. आणि देणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात पूर्ण जोरात मारलं तर समोरचा फक्त घाबरायला शिकतो, डोळे मिटायला शिकतो. चांगला देणारा वार खरोखर डोक्याच्या दिशेने आणतो, तुम्ही अडवला नाहीत तर लागेल असाच आणतो, पण वेग तुमच्या आजच्या तयारीपेक्षा जेमतेम वर ठेवतो, आणि तुम्ही सरावलात की न सांगता वाढवतो. हे करायला समोरच्याचं सतत वाचन करावं लागतं, त्याचा श्वास, त्याचे पाय, तो कुठे अडखळतोय. आपल्या फुगडीत कसं, दोघींनी मागे कललं तरच गरका बसतो आणि एकीने जरी हात सैल सोडला तर दोघी पडतात, तसंच आहे हे.

फिलिपिन्सच्या सेबू बेटावरच्या बालिंतावाक पद्धतीत तर हे देणं हीच शिकवण्याची पद्धत आहे. एकच काठी, अगदी जवळचं अंतर, काठी नसलेला डावा हात सतत जिवंत, आणि शिकवणारा समोर उभा राहून क्रम न सांगता वार देत राहतो, विद्यार्थी अडवतो आणि उलटा वार करतो, तो शिकवणारा अडवतो आणि लगेच पुढचा देतो. याला ते अगाक म्हणतात. तासनतास चालतं. तिथे वर्गात वीस जण रांगेत उभे करून शिकवणं जमतच नाही, एका वेळी एकच. म्हणून बालिंतावाकमध्ये तयार झालेला माणूस सांगतो तेव्हा "मी अमुक क्लासला गेलो" असं कमी सांगतो आणि "मला अमुकाने वार दिले" अशा अर्थाचं जास्त सांगतो.

आता सेबूचं नाव निघालंय तर थोडा इतिहास सांगते, कारण तिथे या कलेच्या लोकांमध्ये जेवढं प्रेम आहे तेवढंच भांडणही आहे. 11 जानेवारी 1932 ला सेबू शहरात दोसे पारेस नावाची संघटना स्थापन झाली, त्यात सावेद्रा आणि कान्येते ही दोन मोठी घराणी. त्याआधी वेगवेगळे वस्ताद आपापल्या अंगणात शिकवायचे. पुढे मतभेद झाले आणि 1952 मध्ये व्हेनान्सियो बाकोन, ज्यांना लोक अन्सियोंग म्हणायचे, ते आणि काही सोबती बाहेर पडले आणि सेबूतल्या बालिंतावाक रस्त्यावर एका घड्याळजीच्या दुकानामागच्या जागेत सराव करायला लागले, रस्त्याचंच नाव पद्धतीला पडलं. त्यानंतर कित्येक वर्षं या दोन गटांमध्ये आव्हानं दिली घेतली जायची, लढती व्हायच्या, माणसं जायबंदी व्हायची. हे सगळं गौरवाने सांगण्यासारखं आहे असं मला वाटत नाही. पण त्याचवेळी हेही खरं की बाकोन यांची शिकवण कुठल्याही क्रमाशिवाय असायची, सगळ्यांना पेलायची नाही, तेव्हा होसे विलासिन आणि तेओफिलो वेलेस या त्यांच्या शिष्यांनी तिचे गट पाडले, म्हणजे आधी हे वार, मग ते, मग समोरच्याची काठी वर उचलणं, मग ती हिसकावणं, असं. माझ्या मते ही कलेवरची सगळ्यात मोठी मेहरबानी आहे. प्रतिभावान माणसाला क्रम लागत नाही, पण संध्याकाळी काम संपवून थकून येणाऱ्या माणसाला लागतो, आणि कला टिकते ती अशा माणसांमुळे.

आपल्याकडे तालमीत म्हणतात ना की वस्ताद एक डाव राखून ठेवतो. फिलिपिन्समध्येही हेच होतं, कदाचित जास्तच. बापाने मुलाला, काकाने पुतण्याला, आणि तेही दार लावून. बाहेरच्याला तर नाहीच. आणि इथे मी तुम्हाला आपल्या दारात आणते, कारण या गोष्टीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग मनीलात नाही घडला, इथून दीड दोन तासांवर स्टॉक्टनला घडला.

1920 आणि 30 च्या दशकात हजारो फिलिपिनो तरुण कॅलिफोर्नियात शेतमजुरीला आले. स्टॉक्टनच्या आसपास शतावरीची, म्हणजे अॅस्परॅगसची शेतं, वाकून वाकून कापणी, दिवस उजाडायच्या आधी काम सुरू. एका काळी फिलिपिन्सच्या बाहेर सगळ्यात जास्त फिलिपिनो स्टॉक्टनमध्ये होते, एल डोराडो आणि लाफायेत या रस्त्यांच्या चौकाभोवती त्यांचा लिटल मनीला वसला होता. आलेले जवळजवळ सगळे पुरुष, बायका अगदी थोड्या. त्यात 1933 ला कॅलिफोर्नियाने कायदा बदलून फिलिपिनोंना गोऱ्या बायकांशी लग्न करायला बंदी केली, 1934 च्या केंद्रीय कायद्याने नवीन येणाऱ्यांची संख्या वर्षाला 50 वर आणली. लग्नबंदी उठली ती 1948 ला. तोवर या माणसांचं तारुण्य निघून गेलं होतं. हॉटेलच्या दारांवर फिलिपिनोंना मज्जाव अशा पाट्या होत्या. या म्हाताऱ्यांना पुढे सगळे आदराने मानोंग म्हणायला लागले, थोरला भाऊ अशा अर्थाने. यातल्या कितीतरी मानोंगांच्या हातात पिढीजात काठी होती, आणि शिकवायला मुलगाच नव्हता. हे जरा डोक्यात घ्या. ज्यांच्या कलेचा नियम फक्त घरच्याला शिकवायचं असा, त्या माणसांना घरच करू दिलं नाही. मी पहिल्यांदा हे सगळं जोडून बघितलं तेव्हा मला फार त्रास झाला, अजूनही होतो.

तिथे 1966 मध्ये आंखेल काबालेस यांनी स्टॉक्टनला एस्क्रिमाची शाळा उघडली, सगळ्यांसाठी, फिलिपिनो असो नसो. अमेरिकेतली ही अशी पहिली उघडी शाळा मानतात. त्यांची पद्धत सेराडा, काठी आखूड, अंतर जवळचं. त्यात लॉक अँड ब्लॉक नावाचा सराव आहे, समोरचा काठी आणि सुरी दोन्ही घेऊन कुठल्याही कोनातून वार देत जातो आणि विद्यार्थी बारा कोनांचं जे शिकलाय ते न ठरवता वापरतो. परत तेच बघा, देणाऱ्यावर सगळं. काही मानोंगांना हे उघडं शिकवणं आवडलं नव्हतं, आणि त्यांचं मन मला समजतं, ज्या समाजाने तुम्हाला दारातून हाकललं त्याच्याच पोरांना आपलं राखलेलं द्यायचं हे सोपं नाही. 1968 ला लिओ गिरोन यांनीही शिकवायला सुरुवात केली, तेही ट्रेसीत, तुमच्यातले बरेच जण आता जिथे राहतात तिथेच. गिरोन दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातून फिलिपिन्सच्या जंगलात शत्रूच्या मागच्या बाजूला काम करून आलेले, बोलो म्हणजे तिकडचा कोयता, तो त्यांनी खरोखरच्या लढाईत वापरलेला. आणि स्टॉक्टनमध्येच 1936 ला जन्मलेले डॅन इनोसांतो, ब्रूस लीचे सोबती म्हणून जग त्यांना ओळखतं, त्यांनी एका वस्तादाला धरून न राहता अनेक मानोंगांकडे जाऊन शिकून घेतलं आणि प्रत्येक वेळी हे कोणाकडून मिळालं ते नाव घेऊन सांगितलं. नाव घेऊन सांगायची ही सवय आमच्या सगळ्यांत त्यांच्यामुळे उतरली असं मला वाटतं. त्याच सुमारास शहरातून फ्रीवे काढला गेला आणि लिटल मनीलाचा बराचसा भाग पाडला. वस्ती गेली, पण वार देणारे हात तोवर दुसऱ्यांना तयार करून झाले होते.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकते कारण दर वेळी कोणीतरी विचारतं. 27 एप्रिल 1521 ला सेबूजवळच्या मॅक्टन बेटावर तिथला सरदार लापुलापू याच्या माणसांनी पोर्तुगीज दर्यावर्दी मॅगेलनला मारलं, ते एस्क्रिमाने मारलं असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं. मॅगेलनबरोबर तिथे हजर असलेल्या पिगाफेत्ता या इटालियन लेखकाने भाले, बाण, रुंद पात्याची हत्यारं असं लिहिलंय, कुठल्या पद्धतीचं वर्णन नाही. लढणारे लोक होते हे नक्की, आजची पद्धत तेव्हापासून जशीच्या तशी आहे याला पुरावा नाही. कलेला मोठं करायला पाचशे वर्षांचा दाखला लागत नाही, शतावरीची शेतं पुरेशी आहेत.

रेमी प्रेसास यांच्याबद्दल बोलायलाच हवं. नेग्रोसमध्ये जन्म, मॉडर्न अर्निसचे जनक, 1970 च्या दशकात अमेरिकेत आले आणि मग गावोगाव सेमिनार आणि कॅम्प घेत फिरले. ते कराटेवाल्याला कराटे सोड म्हणाले नाहीत, तुझ्या कलेतच ही कला आहे असं दाखवत राहिले, म्हणून त्यांच्या कॅम्पमध्ये सगळ्या पट्ट्यांचे, सगळ्या पद्धतींचे लोक यायचे आणि दिवसभर जोडीदार बदलत सराव करायचे. 2001 ला ते गेले आणि संघटना फुटली, वेगवेगळे गट, वेगवेगळी सर्टिफिकेटं, कोण खरा वारस यावर वर्षानुवर्षं कटुता. मला त्यात बाजू घ्यायची नाही. पण एक नुकसान मला दिसतं, गट वेगळे झाले की माणसं एकमेकांच्या कॅम्पला जायची थांबतात, आणि मग तुम्हाला तेच तेच चार हात वार देत राहतात, त्यांची सवय झाली की तुम्हाला वाटतं आपण तयार झालो, बाहेरचा कोणी आला की कळतं. वीकेंडच्या सेमिनारला पैसे भरून कागद घेऊन यायचं आणि घरी गेल्यावर जोडीदारच नाही, हेही फार वाढलंय. दोन दिवसांत क्रम कळतो, हात तयार होत नाही.

कॅलिफोर्नियातच डॉग ब्रदर्स नावाचा गट आहे, 1980 च्या दशकाच्या अखेरचा, ते खऱ्या काठीने, फेन्सिंगचे मुखवटे आणि हलके ग्लोव्ह घालून लढतात, पंच नाही, बक्षीस नाही, आणि नियम एकच की दिवस संपताना सगळे मित्र असले पाहिजेत. मी स्वतः तसं लढत नाही, माझ्या मनगटांना ते झेपणार नाही, पण तो नियम मला पटतो, कारण उद्या ज्याच्याकडून वार घ्यायचेत त्याला आज मोडून ठेवून चालत नाही. दुसऱ्या टोकाला खेळाचं अर्निस. 2009 च्या डिसेंबरमध्ये फिलिपिन्सने कायदा 9850 करून अर्निसला राष्ट्रीय खेळ आणि राष्ट्रीय युद्धकला ठरवलं, पालारोंग पांबान्सा या त्यांच्या शालेय राष्ट्रीय स्पर्धेत पहिला सामना अर्निसचा व्हावा असंही त्यात लिहिलंय. 2019 च्या दक्षिण पूर्व आशियाई स्पर्धेत फिलिपिन्सने अर्निसमध्ये 20 पैकी 14 सुवर्णपदकं घेतली. जुने लोक कुरकुरतात की गादी लावलेली मऊ काठी, हेल्मेट, नुसते पॉइंट, यात हिसकावणं आणि डावा हात फारसा नाही. बरोबर आहे त्यांचं. तरी शाळेतल्या पोरांच्या हातात काठी आली हे मला मोठं वाटतं, त्यातली काही तरी पुढे अगाकपर्यंत जातीलच.

आमचा स्वतःचा ग्रुप लहान आहे. कधी कोणाच्या गॅरेजमध्ये, उन्हाळ्यात पार्कमध्ये. नर्स आहेत, सॉफ्टवेअरवाले आहेत, एक निवृत्त ट्रकचालक आहेत. वेताची साधारण 28 इंची काठी, कारण लाकडी काठी तुटली तर टोकदार फुटते, वेत मात्र झिजत जातो, तंतू सुटतात, आणि जोरात एकावर एक बसला की जळल्यासारखा वास येतो. सिनावाली म्हणजे दोन्ही हातात काठ्या घेऊन विणल्यासारखे वार, मग सुंब्राडा म्हणजे वार, अडवणं, उलट वार अशी न तुटणारी साखळी, मग हुबुद, त्यात काठी नाही, हाताला हात लावून. नवीन माणूस आला की त्याला नवीनच जोडीदार देत नाहीत, सगळ्यात जुना देतात. पहिल्यांदा मला हे उलटं वाटलं होतं, जुन्यांचा वेळ वाया जातो असं. पण नवीन माणसाला नीट वार देणं हेच जुन्याचं पुढचं शिक्षण असतं. सराव संपला की पान्सित म्हणजे फिलिपिनो नूडल्स, लुंपिया म्हणजे त्यांचे रोल, आणि हल्ली आमच्याकडचे बटाटेवडेही असतात, बसून गप्पा होतात आणि कोणाला कोणी शिकवलं त्याच्या गोष्टी तिथेच निघतात. बायकांनी विचारलं होतं म्हणून सांगते, इथे ताकदीपेक्षा कोन आणि नेमकी वेळ जास्त चालते, आणि उंच दणकट माणसाकडून खरे वार घेतल्याशिवाय हा विश्वास येत नाही, म्हणून आम्ही बायका फक्त बायकांशी सराव करत नाही.

कोल्हापूरच्या मर्दानी खेळाचे पवित्रे, पट्टा, बोथाटी ज्यांनी शिकलेत अशी कोणी मंडळी इथे असतील तर व्याख्यानानंतर मला नक्की भेटा, आमच्या लोकांना बघायचंय आणि तुमच्याकडून वार घ्यायचेत.

आणि ज्यांना मुलांना घालायचंय किंवा स्वतः यायचंय त्यांनी क्लास बघायला जाल तेव्हा वस्तादाचे हात बघत बसू नका, ते सुंदर असणारच. जुने विद्यार्थी नवीन माणसाला वार कसे देतात ते बघा, लागेल असे आणतात का, चुकला तर हसतात की परत हळू देतात, जोडीदार बदलतात का. ते नीट असेल तर फी विचारा. डोळ्यांना संरक्षक चष्मा पहिल्या दिवसापासून, यात कोणी चालतं म्हटलं तरी ऐकू नका, आणि बोटांची हाडं पहिले दोन महिने दुखतील. चला, मागे निळ्या शर्टातले काका मघापासून हात वर करून आहेत, त्यांच्यापासून प्रश्न घेऊया.