गळ्यात कंत्राटदाराचं ओळखपत्र

[दृश्य : पहाट. तळाचं फाटक, गाड्यांची रांग]

अमेरिकेतल्या लष्करी तळाच्या या फाटकातून रोज आत जाणारे सगळेच सैनिक नसतात. स्वयंपाकी, वायरमन, ट्रकचालक, दुभाषे, संगणक सांभाळणारे असे कितीतरी जण असतात आणि त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर 'कंत्राटदार' असं लिहिलेलं असतं. म्हणजे लष्कराचं कंत्राट घेतलेल्या खासगी कंपन्यांची ही माणसं. अफगाणिस्तानच्या युद्धात तर एका टप्प्यावर अमेरिकी सैनिकांपेक्षा ही माणसं जास्त होती.

[दृश्य : सभागृह. टेबलावर मोरपंखी रंगाच्या फिती]

एप्रिल हा अमेरिकेत लैंगिक अत्याचार प्रतिबंधाच्या जागृतीचा महिना. आजचं प्रशिक्षण कंत्राटी कामगारांसाठी आहे. प्रसंग असा दिलाय : मेसमधला पर्यवेक्षक एका नव्या मुलीला रोज कामानंतर थांबवून घेतो. इतरांना ते दिसतं. अशा वेळी काय करायचं?

मागच्या रांगेतला चालक म्हणतो, "मी जाऊन सांगेन, हिला ऑफिसात बोलावलंय."

हे उत्तर बरोबर आहे. आधी मुलीला तिथून बाहेर काढायचं, मग वरिष्ठांना कळवायचं. पर्यवेक्षकाशी हुज्जत घालायची हिंमत सगळ्यांत नसते, पण एवढं प्रत्येकाला जमू शकतं.

[दृश्य : नोकरीचा करार. पानं उलटणारा हात]

आता हा कागद. भरतीच्या घाईत कुणी वाचत नाही. अशा करारांत एक कलम सर्रास असायचं : कंपनीशी वाद झाला तर न्यायालयात जायचं नाही, लवादापुढे जायचं. म्हणजे ज्युरी नाही आणि सुनावणी बंद दाराआड.

२००५ मध्ये बगदादच्या छावणीतल्या एका तरुण कर्मचारी महिलेने सहकाऱ्यांनी आपल्यावर बलात्कार केल्याचा आरोप केला. कंपनीने हेच कलम पुढे केलं. आपलं म्हणणं उघड्या न्यायालयात मांडता यावं, एवढ्यासाठीच तिला काही वर्षं झगडावं लागलं. ऑक्टोबर २००९ मध्ये मिनेसोटाचे सिनेटर अल फ्रँकन यांनी संरक्षण खर्चाच्या विधेयकाला दुरुस्ती सुचवली. लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांतही कर्मचाऱ्यांवर लवादाची सक्ती करणाऱ्या कंपन्यांना मोठी संरक्षण कंत्राटं मिळू नयेत, अशी ती दुरुस्ती होती. सिनेटमध्ये ती ६८ विरुद्ध ३० मतांनी मंजूर झाली. त्याच डिसेंबरमध्ये ती कायद्यात आली. दहा लाख डॉलरपेक्षा मोठ्या कंत्राटांना ती लागू झाली. पैशाला हात घातला तेव्हा कुठे कंपन्यांचे करार बदलले. मार्च २०२२ पासून तर अमेरिकेतल्या कुठल्याही नोकरीत अशा तक्रारीसाठी लवादाची सक्ती चालत नाही.

त्या महिलेचा दावा २०११ मध्ये ज्युरीने फेटाळला.

[दृश्य : प्रशिक्षिका फळ्यावर दोन चौकोन काढते]

सैनिकाला तक्रारीचे दोन मार्ग असतात. गोपनीय नोंद केली तर उपचार आणि मदतनीस मिळतात, चौकशी सुरू होत नाही, कमांडरला नाव कळत नाही. दुसरा मार्ग उघड तक्रारीचा. परदेशी मोहिमेवरच्या कंत्राटी कर्मचाऱ्यासाठी पेंटागॉनच्या, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या, नियमावलीत फक्त हा दुसरा चौकोन आहे. सोबत तातडीचे उपचार, आणि ते चालू असेपर्यंतच मदतनीस. ज्याच्या हातात आपली नोकरी आहे त्याच्याविरुद्ध पहिल्याच दिवशी नावानिशी बोलायचं, हे किती जणींना झेपेल?

[दृश्य : छावणीतलं भोजनगृह. वाढणारे हात]

आणि एवढीही सोय नियमावलीत 'अमेरिकी नागरिक' असलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांसाठीच आहे. इराक-अफगाणिस्तानच्या छावण्यांत ताटं वाढणारी, कपडे धुणारी बरीच माणसं भारत, नेपाळ, फिलिपिन्समधून, दलालांना पैसे देऊन गेलेली. तेच जेवण, तेच कुंपण, पण ती या नियमात नाहीत. पुढच्या एप्रिलमध्ये प्रशिक्षणाच्या टेबलावर हिंदी, नेपाळी आणि तगालोगमधली पत्रकं ठेवली जावीत आणि नियमावलीतली नागरिकत्वाची अट काढली जावी, ही आमची मागणी आहे.